सतीवुस, सतीवा, सतीवुम : अर्थ, मूळ आणि व्याकरण

कृषी पदवीच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : भाताचं शास्त्रीय नाव ओरायझा सटायव्हा, लसणीचं अ‍ॅलियम सटायव्हम, केशराचं क्रोकस सटायव्हस. शेवटचा शब्द एकच वाटतो, मग त्याची तीन रूपं का? एका मार्गदर्शिकेत त्याचा अर्थ ‘उपयुक्त’ असा दिलाय, आणि कुणीतरी तो संस्कृत ‘सत्त्व’ शब्दाशी जोडला आहे. यातलं खरं काय? शिवाय भांगेच्या संदर्भात ‘सतीवा’ आणि ‘इंडिका’ असे दोन प्रकार सांगतात, ते काय प्रकरण आहे?

मी अनेक वर्षं वनस्पतींचं वर्गीकरण शिकवतो आहे आणि हा प्रश्न मला मनापासून आवडतो. हे एक विशेषण नीट समजलं की शास्त्रीय नावांची निम्मी भीती जाते. म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

आधी थोडक्यात. सतीवुस म्हणजे ‘लागवडीचा’ : रानात आपोआप न उगवता माणसाने पेरलेला किंवा लावलेला. ‘उपयुक्त’ हा त्याचा अर्थ नव्हे आणि सत्त्वाशी त्याचं काही नातं नाही. तीन रूपं दिसतात ती लॅटिनमधल्या तीन लिंगांमुळे. पुढे मी ही नावं लॅटिनच्या उच्चाराला धरून लिहितो : ओरिझा सतीवा, आलियुम सतीवुम, क्रोकुस सतीवुस. आपल्या महाविद्यालयांत चालतो तो ‘सटायव्हा’ हा इंग्रजी वळणाचा उच्चार आहे. त्याने कुणाचं काही अडत नाही, पण व्याकरण समजून घेताना लॅटिन उच्चार डोळ्यांपुढे असलेला बरा.

मुळाकडे जाऊ. लॅटिनमध्ये ‘मी पेरतो’ याला सेरो म्हणतात, ‘पेरणे’ म्हणजे सेरेरे, ‘मी पेरलं’ म्हणजे सेवी, आणि ‘पेरलेला’ म्हणजे सतुस. एकाच धातूची ही रूपं एकमेकांपासून इतकी लांब का दिसतात? शाळेत संस्कृत घेतलेल्यांना हे चटकन कळेल. स्था धातूचं वर्तमानात तिष्ठति होतं, पा धातूचं पिबति होतं, म्हणजे धातूचा पहिला आवाज दुपटून पुढे येतो. लॅटिनमध्येही काही जुन्या क्रियापदांत हीच पद्धत टिकली आहे : सिस्तित हे तिष्ठतिचं भावंड, बिबित हे पिबतिचं. सेरो त्याच पंगतीतलं. त्याचं अतिप्राचीन रूप सिसो असं काहीतरी होतं. लॅटिनच्या जुन्या काळात दोन स्वरांमध्ये सापडलेल्या स चा र झाला, र च्या आधीचा इ बदलून ए झाला आणि सेरो तयार झालं. हा स चा र पुढेही भेटतो. ज्याला आपण वनस्पतिशास्त्रात वंश म्हणतो तो गेनुस, पण ‘वंशाचा’ म्हणताना गेनेरिस. फूल म्हणजे फ्लोस, पण फुलाचं म्हणताना फ्लोरिस, आणि म्हणून फ्लोरा.

सतुस मध्ये मात्र स शब्दाच्या सुरुवातीला आहे, दोन स्वरांत सापडलेला नाही, म्हणून तो तसाच राहिला. त्याच धातूपासून बी या अर्थाचा सेमेन हा शब्द झाला. त्यावरून सेमिनारिउम, म्हणजे रोपवाटिका. रोपं वाढवण्याची जागा ती माणसं घडवण्याची जागा झाली, त्यातून आपला ‘सेमिनार’ आला आणि गोव्यात रायतूरला आहे तशी ‘सेमिनरी’ही आली. पेरणीला सतिओ म्हणत. तो शब्द फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत ‘सीझन’ झाला, म्हणजे सीझन हा मुळात पेरणीचा हंगाम. सतीवा हा शब्द परका वाटत असला तरी त्याची दोन-तीन भावंडं आपण रोज तोंडात घोळवतो.

शनीचं लॅटिन नाव सातुर्नुस. रोमचा भाषापंडित वार्रो याने ते पेरणीवरूनच आलं असं सांगितलं होतं, कारण सातुर्नुस हा शेतीचा देव. आजच्या भाषाशास्त्राला ही व्युत्पत्ती अडचणीची वाटते. देवाच्या नावातला सा दीर्घ आहे आणि सतुसमधला स ऱ्हस्व. लॅटिनमध्ये ऱ्हस्व-दीर्घ हा किरकोळ मामला नाही, त्यावर अर्थ बदलतो. रोमन लिपीत ही लांबी सहसा दाखवत नाहीत. देवनागरीत ती आपोआप दाखवावी लागते, ही आपल्या लिपीची मोठी सोय आहे. सतीवुस असं लिहिलं की पहिला स ऱ्हस्व, ती दीर्घ, आणि शब्दावरचा जोर त्या तीवर, हे सगळं एका फटक्यात कळतं.

सेरेरे असंच दिसणारं आणखी एक क्रियापद लॅटिनमध्ये आहे, ‘ओवणे, गुंफणे’ या अर्थाचं. त्याचं ‘ओवलेला’ हे रूप सेर्तुस. ‘सीरिज’ हा शब्द त्या घरातला. दोन्हींचं वर्तमानकाळी रूप सारखं म्हणून गल्लत होते, पण सतुस आणि सेर्तुस शेजारी ठेवले की प्रश्न मिटतो.

आता सत्त्वाचं बघू. संस्कृत सत् हे अस् धातूचं रूप, ‘असणारं’ या अर्थाचं, आणि सत्त्व त्यावरून. या सत् चा खरा लॅटिन नातेवाईक हवा असेल तर तो प्राएसेन्स आणि आब्सेन्स यांमधला सेन्स : हजर असणारा आणि हजर नसणारा. इंग्रजीतले प्रेझेंट आणि अ‍ॅब्सेंट तिथूनच आले. पेरणीच्या धातूशी त्याची गाठ कुठेही पडत नाही. संस्कृतात पेरण्यासाठी वप् धातू आहे आणि तो वेगळ्या मुळाचा आहे. शिवाय साधा विचार करा. सात्त्विक आहारात जी वर्ज्य मानतात ती लसूण शास्त्रीय नावात सतीवुम आहे. सत्त्वाचा अर्थ तिथे बसवायला गेलं तर काही हाती लागत नाही.

सतुस म्हणजे पेरलेला. मग सतीवुस कसं झालं आणि त्याने काय वेगळं साधलं? कर्मणी धातुसाधिताला ईवुस हा प्रत्यय लावून लॅटिनने बरीच विशेषणं घडवली. काप्तुस म्हणजे पकडलेला, काप्तीवुस म्हणजे कैदी. नातुस म्हणजे जन्मलेला, नातीवुस म्हणजे जन्मजात. सतुस एका घडलेल्या क्रियेबद्दल बोलतो : हे बी पेरलं गेलं आहे. सतीवुस प्रकार सांगतो : हे पेरून येणाऱ्यातलं आहे, आपोआप उगवणाऱ्यातलं नाही. लॅटिन व्याकरणातल्या विभक्तींची नावंसुद्धा याच साच्यातली आहेत. दातुस म्हणजे दिलेला, त्यावरून दातीवुस, ज्याला आपण चतुर्थी म्हणू ती विभक्ती.

मराठी माणसाला हा साचा शिकवावा लागत नाही, फक्त आठवण करून द्यावी लागते. कोरणे–कोरीव, रेखणे–रेखीव, घडणे–घडीव, आखणे–आखीव, पाळणे–पाळीव. पाळीव कुत्रा म्हटल्यावर कुणी पाळलं, केव्हा पाळलं हा प्रश्न येत नाही. तो रानटी नाही, एवढंच सांगायचं असतं. सतीवुस अगदी हेच काम पिकांच्या बाबतीत करतो. मराठीत ‘पेरीव’ हा शब्द रुळला असता तर मी भाषांतर तिथेच संपवलं असतं. तो तितकासा रुळला नाही, म्हणून ‘लागवडीचा’ म्हणायचं. मात्र ईव आणि ईवुस यांचा आवाज जुळतो, काम जुळतं, एवढ्यावरून त्यांना सख्खे ठरवू नका. नातं ठरवायला ध्वनींच्या बदलांचा माग लागतो, नुसतं साम्य पुरत नाही. आणि दोघांत एक मोठा फरकही आहे. पाळीव कुत्रा, पाळीव शेळी, पाळीव जनावर : आपला पाळीव जागचा हलत नाही. लॅटिनचा सतीवुस मात्र नामाप्रमाणे बदलतो. त्याकडे येतोच, त्याआधी अर्थाचं एक अंग बघायचं राहिलं आहे.

‘पेरलेला’ हा अर्थ शब्दशः घेतला की केशर आणि लसूण लगेच अडवतात. केशराचं झाड त्रिगुणित आहे. त्याच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, एकूण 24 गुणसूत्रं, आणि त्यामुळे त्याला बी धरतच नाही. काश्मीरच्या पांपोरमध्ये असो की इराणमध्ये, केशर कंदांपासूनच लावतात. लसणीचंही तसंच, आपण पाकळ्या लावतो. ‘लसूण पेरली’ असं क्वचित कुणी म्हणेल, ‘लसूण लावली’ हेच आपल्या तोंडात आहे. मराठीने पेरणे आणि लावणे यांत चोख भेद केला आहे : ज्वारी पेरतात, ऊस लावतात, आणि भाताची आधी रोपं टाकून मग लावणी करतात. लॅटिन सेरेरे मध्ये हा भेद नाही. वेल लावणं, झाड लावणं हेही सेरेरेच. रोमन लेखक किकेरो, ज्याला आपण सिसेरो म्हणतो, त्याने वार्धक्यावरच्या आपल्या लेखनात काएकिलिउस स्तातिउस या नाटककाराची एक ओळ दिली आहे : तो पुढच्या पिढीच्या उपयोगी पडतील अशी झाडं लावतो. तिथलं क्रियापद सेरितच आहे. म्हणजे रोमन शेतकऱ्याच्या मनात सतीवुस म्हणजे हाताने जमिनीत घातलेलं, मग ते बी असो, कंद असो की रोप. गोड चेस्टनटचा मोठा वृक्ष कास्तानेआ सतीवा आहे, त्याचाही उलगडा इथे होतो.

रोमन लेखक हा शब्द एकटा वापरत नसत, बहुतेक वेळा जोडीने वापरत. एका बाजूला सतीवुस, दुसऱ्या बाजूला सिल्वेस्त्रिस म्हणजे रानातला. प्लिनीने इ.स. 77 च्या सुमारास पूर्ण केलेल्या निसर्गवर्णनाच्या ग्रंथात भाज्या आणि औषधी सांगताना ही जोडी पुन्हा पुन्हा येते. हा भेद आपल्यालाही परका नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून नांगरटीच्या शेतातलं धान्य बाजूला ठेवतात. तिथे जी रेघ ओढली जाते, तीच सतीवुस आणि सिल्वेस्त्रिस यांच्यामधली. लागवडीच्या भाताचा पूर्वज मानला जाणारा रानभात शास्त्रात ओरिझा रुफिपोगोन आहे. आपल्याकडे तळ्या-डबक्यांत येणाऱ्या या भाताला काही ठिकाणी देवभात म्हणतात. देवाने पेरला तो देवभात, माणसाने पेरला तो सतीवा.

‘उपयुक्त’ हा अर्थ कुठून शिरला असेल हे आता लक्षात येईल. सतीवुस नाव लागलेली बहुतेक झाडं आपल्या पोटापाण्याची आहेत : भात, वाटाणा, काकडी, मुळा, कोथिंबीर, लसूण, ओट, लेट्यूस, कलौंजी, जनावरांची लसूणघास. पण उपयुक्ततेसाठी लॅटिनमध्ये दुसरे शब्द आहेत. जवसाचं नाव लीनुम उसितातिस्सिमुम, त्यातला दुसरा शब्द ‘अतिशय वापरातलं’ असं सांगतो. औषधाच्या दुकानात मिळायचं ते ओफ्फिकिनालिस, भाजीचं ते ओलेराकेउस, खाण्याजोगं ते एस्कुलेन्तुस, जसं भेंडीचं आबेल्मोस्कुस एस्कुलेन्तुस. सतीवुसमध्ये फायद्याची गोष्टच नाही. त्यात फक्त माणसाचा हात आहे.

आता व्याकरण. सतीवुस हे लॅटिनच्या सगळ्यात सरळ विशेषणांपैकी एक. पुल्लिंगी नामाबरोबर सतीवुस, स्त्रीलिंगीबरोबर सतीवा, नपुंसकलिंगीबरोबर सतीवुम. मराठीत आपण पांढरा बैल, पांढरी गाय, पांढरं वासरू म्हणतो, तसंच. इंग्रजी माणसाला हे शिकताना घाम फुटतो, कारण त्याच्या भाषेत विशेषण हलतच नाही. आपल्याकडे तिन्ही लिंगं जिवंत आहेत. अनेकवचनात तर एक सुंदर योगायोग आहे. ‘पांढरी गाय’ आणि ‘पांढरी फुलं’ यांत विशेषण एकच आहे, एकदा स्त्रीलिंगी एकवचनी आणि एकदा नपुंसकलिंगी अनेकवचनी. लॅटिनमध्येही सतीवा हे रूप स्त्रीलिंगी एकवचनाचं आहे आणि नपुंसकलिंगी अनेकवचनाचंही. पुल्लिंगी अनेकवचन सतीवी, स्त्रीलिंगी अनेकवचन सतीवाए.

विभक्तीत मराठी सैल सोडते आणि लॅटिन सोडत नाही. आपण पांढऱ्या बैलाला, पांढऱ्या गाईला, पांढऱ्या वासराचं असं म्हणतो, सगळीकडे पांढऱ्या. लॅटिन विशेषण विभक्तीच्या प्रत्येक पायरीवर नामाबरोबर चालतं. हे बघायला जुनी हस्तलिखितं धुंडाळायची गरज नाही. युरोपच्या औषधसंहितेत लसणीच्या भुकटीचं लॅटिन नाव आहे आल्लिई सतीवी बुल्बी पुल्विस : ‘आलियुम सतीवुमच्या कंदाची भुकटी’. आलियुम षष्ठीत आल्लिई झाला तसा सतीवुम मुकाट सतीवी झाला. (लॅटिनमध्ये या शब्दात दोन ल आहेत. चालू लिहिण्यात मी एकच ठेवला आहे.) भाताचं म्हणायचं असेल तर ओरिझाए सतीवाए. रोजच्या कामात मात्र तुम्हाला प्रथमा एकवचनाची तीन रूपं पुरतात, कारण शास्त्रीय नाव नेहमी प्रथमेत लिहितात.

विद्यार्थी अडखळतात ते ‘लिंग कुणाचं?’ या प्रश्नावर. उत्तर असं : नावातल्या पहिल्या शब्दाचं, म्हणजे वंशनामाचं. झाडाचं नाही, मराठी नावाचं तर मुळीच नाही. मराठीत कोथिंबीर ती आहे, पण कोरिआन्द्रुम नपुंसकलिंगी आहे म्हणून सतीवुम. काकडी आपल्याकडे ती, लॅटिनमध्ये कुकुमिस तो, म्हणून कुकुमिस सतीवुस. भांगेत नर झाडं वेगळी आणि मादी झाडं वेगळी असतात, तरी नर झाडाचंही नाव कान्नाबिस सतीवाच, कारण कान्नाबिस हा शब्द स्त्रीलिंगी. शेपटाकडे बघून लिंग ओळखता येतं का? पुष्कळदा. वंशनाम उम वर संपलं की नपुंसकलिंग, आ वर संपलं की बहुधा स्त्रीलिंग, उस वर संपलं की बहुधा पुल्लिंग. ‘बहुधा’ हा शब्द महत्त्वाचा. रोमनांनी पुष्कळ वृक्षांची नावं उस वर संपणारी असूनही स्त्रीलिंगी मानली. म्हणून पिंपळ फिकुस रेलिगिओसा आहे, रेलिगिओसुस नव्हे, आणि उंबर फिकुस राकेमोसा. फणसाचा आर्तोकार्पुस मात्र पुल्लिंगी, म्हणून आर्तोकार्पुस हेतेरोफिल्लुस. मिऱ्याचा पिपेर र वर संपतो आणि नपुंसकलिंगी आहे, म्हणून पिपेर निग्रुम. क्रोकुस तर खुद्द लॅटिनमध्ये दोन तऱ्हांनी चालायचा, पुल्लिंगी क्रोकुस आणि नपुंसकलिंगी क्रोकुम. शास्त्राने क्रोकुस स्वीकारला म्हणून केशर सतीवुस राहिलं.

सगळीच विशेषणं तीन रूपांची नसतात. इस वर संपणाऱ्यांत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एक होतं आणि नपुंसकलिंगात ए येतो. स्थानिक नावांत हे फार भेटतं. सह्याद्रीतल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीचं नाव केरोपेगिआ महाराष्ट्रेन्सिस आहे आणि सड्यांवर येणाऱ्या एरिओकाउलोन वंशातल्या एका छोट्या वनस्पतीचं नाव एरिओकाउलोन कोंकणेन्से. प्रत्यय एकच, ‘अमुक ठिकाणचा’ असं सांगणारा. केरोपेगिआ स्त्रीलिंगी म्हणून न्सिस, एरिओकाउलोन नपुंसकलिंगी म्हणून न्से. आल्याचं झिंगिबेर ओफ्फिकिनाले याच नियमाने.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढे आहे. दुसरा शब्द विशेषण नसून नाम असेल तर तो बदलत नाही. लसूण आणि कांदा एकाच वंशातले. लसूण आलियुम सतीवुम, मग कांदा आलियुम केपुम का नाही, आलियुम केपा का? कारण केपा हे कांद्याचं लॅटिन नावच आहे, ते शेजारी येऊन बसलं आहे. आपण ‘शिवनेरी किल्ला’ म्हणतो, तेव्हा किल्ला पुल्लिंगी आहे म्हणून शिवनेरीचं शिवनेरा करत नाही. आवळ्याचा फिल्लान्थुस एम्ब्लिका तसाच. उसाचा साक्खारुम ओफ्फिकिनारुम दिसायला विशेषण वाटतो, पण तो षष्ठीचं अनेकवचन आहे, ‘औषधी दुकानांचा’, म्हणून तोही हलत नाही. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत कलम 23.5 मध्ये हाच नियम आहे : विशेषण वंशनामाच्या लिंगाप्रमाणे चालेल, नाम आपलं रूप राखेल.

हा नियम कामाला कसा येतो हे बघायचं तर मूग आणि उडीद यांच्यासारखी जोडी नाही. दोन्ही पूर्वी घेवड्याच्या फासेओलुस वंशात होते. मूग फासेओलुस रादिआतुस, उडीद फासेओलुस मुंगो. पुढे दोन्ही चवळीच्या विग्ना वंशात गेले. विग्ना स्त्रीलिंगी, म्हणून रादिआतुस या विशेषणाचं रादिआता झालं : विग्ना रादिआता. मुंगो हे नाम, ते तसंच राहिलं : विग्ना मुंगो. चवळीही आधी दोलिखोस उंगुइकुलातुस होती, ती विग्ना उंगुइकुलाता झाली. आणि हो, मुंगो हा शब्द आपल्याच ‘मुंग’वरून गेला, पण नाव मिळालं उडदाला. परीक्षेत दरवर्षी मुलं तिथे मूग लिहून येतात, आणि त्यांना दोष देणं मला जड जातं.

सतीवुसचंही असं स्थलांतर झालं आहे. युरोपात तेलबियांसाठी घेतात त्या एका मोहरीवर्गीय पिकाला स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेयस याने 1753 मध्ये मिआग्रुम सतीवुम म्हटलं. 1762 मध्ये क्रान्त्स या वनस्पतिशास्त्रज्ञाने ते कामेलिना वंशात नेलं आणि शब्द झाला सतीवा. शेपूट बदललं तरी जातिदर्शक शब्द, म्हणजे नावातला दुसरा शब्द, तोच मानतात आणि श्रेय लिनेयसचं कायम राहतं. कुणी चुकून सतीवुम ठेवलं असतं तरी नाव बाद झालं नसतं. संहितेप्रमाणे असं शेपूट नंतर दुरुस्त करून घेतात.

लिनेयसने हा शब्द शोधला असं मात्र समजू नका. त्याच्या आधीच्या दोन शतकांतले वनौषधींचे ग्रंथकार प्लिनीच्याच परंपरेत लागवडीच्या झाडाला सतीवुस म्हणत होते. लिनेयसने 1753 च्या ग्रंथात लांबलचक वर्णनांऐवजी दोन शब्दांची नावं सगळ्या वनस्पतींना सरसकट दिली आणि हा शब्द डझनभराहून जास्त पिकांवर कायमचा बसला. वेगवेगळ्या वंशांत एकच जातिदर्शक शब्द चालतो. एकाच वंशात मात्र तो दोनदा चालत नाही, आणि वाटाण्याची अडचण तिथेच झाली. डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की वाटाण्याचा पिसुम वंश खरं तर लातिरुस वंशाच्या पोटातच आहे, म्हणून आता अनेक संदर्भसूचींत वाटाणा लातिरुसमध्ये घालतात. मग पिसुम सतीवुमचं लातिरुस सतीवुस व्हायला हवं होतं. पण लातिरुस सतीवुस हे नाव लिनेयसनेच 1753 मध्ये आपल्या पूर्व विदर्भातल्या लाखोळी या डाळीच्या पिकाला देऊन ठेवलं आहे. जागा भरलेली. त्यामुळे वाटाण्यासाठी फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लामार्क याने दिलेलं जुनं नाव पुढे आलं, लातिरुस ओलेराकेउस, म्हणजे भाजीचा लातिरुस. तुमच्या अभ्यासक्रमात पिसुम सतीवुम असेल तर परीक्षेत तेच लिहा, पण नवीन शोधनिबंधात दुसरं दिसलं तर दचकू नका.

नावाचा अर्थ आणि वस्तुस्थिती जुळलीच पाहिजे असा आग्रहही धरू नका. युरोपातल्या पार्सनिप या कंदभाजीच्या रानटी प्रकाराचं नाव पास्तिनाका सतीवा, उपजाती सिल्वेस्त्रिस. शब्दशः ‘लागवडीची रानटी’. गव्हाचं त्रिटिकुम आएस्तीवुम म्हणजे ‘उन्हाळी गहू’, आणि आपण तो रब्बीत पेरतो. लिनेयसने उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन जाती मानल्या होत्या, पुढे त्या एकच ठरल्या आणि आएस्तीवुम टिकलं. वीकिआ सतीवा ही शेंगवर्गीय वनस्पती नावातून लागवडीची असली तरी आपल्या देशात गव्हातलं तण म्हणून उपटावी लागते. नाव अर्थाला शोभत नाही एवढ्या कारणावरून ते टाकता येत नाही, हे संहितेच्या कलम 51 मध्ये स्पष्ट आहे. नावाचं काम ओळख पटवणं, वर्णन करणं नव्हे.

आता भांग. लिनेयसने 1753 मध्ये युरोपात धाग्यासाठी पेरल्या जाणाऱ्या झाडाला कान्नाबिस सतीवा म्हटलं, कारण ते लागवडीचं होतं. 1785 मध्ये लामार्कने भारतातून आलेल्या झाडांवरून कान्नाबिस इंडिका ही वेगळी जाती सांगितली. इंडिका म्हणजे ‘भारतातली’, आंब्याच्या मान्गिफेरा इंडिकामध्ये आहे तेच विशेषण. त्याचीही रूपं सतीवुससारखीच चालतात : तिळाचं सेसामुम इंडिकुम पाहा. पुष्कळ वर्गीकरणतज्ज्ञ आज भांगेची एकच जाती धरतात आणि इंडिकाला तिची उपजाती मानतात. अमेरिका, कॅनडात जिथे भांगेची विक्री कायदेशीर आहे तिथल्या दुकानांत सतीवा म्हणजे तरतरी आणणारी आणि इंडिका म्हणजे सुस्ती आणणारी असं सांगतात. तो दुकानातला वापर आहे. या दोन्ही लॅटिन शब्दांत झाडाच्या रसायनाबद्दल एक अक्षरही नाही. नुसतं ‘सतीवा’ म्हटल्याने झाडही ठरत नाही, कारण जातिदर्शक शब्द एकटा वापरला तर तो नाव होत नाही. भात, ओट, लेट्यूस, लसूणघास, चेस्टनट, भांग, सगळे सतीवाच. तेव्हा प्रयोगवहीत, नमुन्याच्या चिठ्ठीवर, बियाण्याच्या पाकिटावर दोन्ही शब्द लिहा, पहिल्याचं लिंग बघून दुसऱ्याचं शेपूट लावा, आणि शंका आली तर आधी एवढंच तपासा की दुसरा शब्द विशेषण आहे की नाम.